तीन पासपोर्ट, एक प्रवासी

शनिवारी सकाळी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी १६० नंबरची बस वुडलँड्स चेकपॉइंटवरून जोहोर बाहरूकडे सुटली. बसमध्ये तन्मय होता. त्याच्या सॅकमध्ये तीन पासपोर्ट होते, त्यातला एक त्याचा. उरलेले दोन ज्यांचे होते ते भाऊसाहेब आणि हिराकाकू खाली फलाटावर उभे होते. बस हलली तेव्हा भाऊसाहेबांनी हात वगैरे काही केला नाही. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

या सगळ्याला दीड मिनिट लागलं होतं. त्यामागची तयारी तीन महिन्यांची होती.

तन्मय मूळचा गुहागरचा, वय एकतीस, तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. गेले तीन महिने कंपनीने त्याला सिंगापूरच्या कचेरीत बसवलं होतं, म्हणून तो समीर नावाच्या मित्राबरोबर हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहत होता. येत्या मंगळवारी पुन्हा जहाज, साडेचार महिन्यांसाठी. अनघाशी त्याची ओळख जुनी, लग्नाचा विचार दोघांचाही पक्का. ती संशोधक, जुरोंग ईस्टला राहणारी, नागपूरची. तिचे आईवडील महिन्याभरासाठी आले होते आणि पुढच्या शुक्रवारी परत जाणार होते. अडचण एकच होती, ती म्हणजे भाऊसाहेब. त्यांनी नकार दिला नव्हता. ते "बघू" म्हणाले होते. अनघाच्या हिशेबाने तिच्या वडिलांचा आजवरचा सर्वांत लांब "बघू" चार वर्षं चालला होता, आणि तो फक्त गच्चीवर पत्रे टाकण्याबद्दल होता.

मुलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. घराबद्दलही नव्हती. दोन्ही घरं बौद्ध, एक कोकणातलं, एक विदर्भातलं, जेवणातल्या तिखटाचा फरक सोडला तर बोलण्यासारखं काही नाही. त्यांना खुपत होतं ते जहाज. वर्षातले आठ महिने जो माणूस फोटोत असतो, त्याला जावई म्हणायचं की पाहुणा, असं ते अनघाला म्हणाले होते. अनघाने ते तन्मयला जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यामुळे एक अख्खा दिवस भाऊसाहेबांसमोर प्रत्यक्ष हजर राहायचं, असं तन्मयने ठरवलं. भाऊसाहेब नागपूरच्या एस.टी. आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते, बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर. बस दाखवून आणि परदेश दाखवून त्यांना खूश करावं, हा त्याचा बेत.

सिंगापूरची निम्मी माणसं शनिवारी पूल ओलांडून मलेशियात जातात. कुणी केस कापायला, कुणी दात दाखवायला, कुणी नुसतं मासे खायला. हिराकाकूंना चष्मा करायचा होता आणि सिंगापुरातल्या दुकानात भाव ऐकून त्या तशाच बाहेर आल्या होत्या. जोहोरमध्ये तोच चष्मा तासाभरात आणि निम्म्यात होतो, असं समीरने सांगितलं. सहाच्या आत निघा, नाहीतर गर्दीत मराल, हेही त्यानेच सांगितलं. अनघा येऊ शकत नव्हती. प्रयोगशाळेत तिने वाढवलेल्या पेशी होत्या, त्यांना शनिवारीही खायला घालावं लागतं. पोटच्या पोरांपेक्षा वरचढ लाड चाललेत, असं काकू म्हणाल्या.

सहा वाजून पाच मिनिटांनी ते तिघं जुरोंग ईस्टहून निघाले. पहिली चूक सिंगापूरची हद्द सोडताना झाली. वुडलँड्सला सगळ्यांनी बसमधून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, जिना उतरून पलीकडच्या फलाटावर यायचं आणि त्याच नंबरची पुढची बस पकडायची, अशी इथली रीत. गेटपाशी काकूंचा पासपोर्ट निघेना. तो रुमालात होता, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, पिशवी कापडी पर्समध्ये आणि पर्स साडीत खोचलेली. मागे रांग खोळंबली. एका चिनी आजोबांनी घसा खाकरला. अखेर पासपोर्ट निघाला, गेट उघडलं, आणि पलीकडे आल्यावर तन्मयने हात पुढे केला. म्हणाला, द्या सगळे माझ्याकडे, पुढे मलेशियाच्या काउंटरवर एकदम काढतो.

त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. जहाजावर असंच चालतं. चढल्या दिवशी पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात जातो, बंदर आलं की एजंट येऊन सगळ्यांची कागदपत्रं एकगठ्ठा मार्गी लावतो. तन्मयने चव्वेचाळीस देश पाहिले होते आणि त्यातल्या बहुतेक देशांत तो स्वतः कुठल्याही रांगेत उभा राहिलेला नव्हता. भाऊसाहेबांनी पासपोर्ट दिला, पण देण्याआधी तो क्षणभर हातात धरून ठेवला.

"प्रवाशाचं तिकीट प्रवाशाकडं असावं, असा आमच्याकडं नियम होता," ते म्हणाले. "पण तुमची पद्धत वेगळी असेल."

दुसरी चूक फलाटावर. गर्दी बरीच होती. १६० नंबरची बस लागली, दार उघडलं, आणि कोकणातल्या बसस्टँडवर लहानपणापासून भिनलेली सवय तन्मयच्या अंगात उठून उभी राहिली. म्हातारी माणसं बरोबर असली की तरुणाने पुढे घुसायचं आणि जागा धरायची. काका, तुम्ही सावकाश या, एवढं बोलून तो आत शिरला, एका बाकावर सॅक ठेवली, शेजारी पाण्याची बाटली ठेवली आणि दाराकडे पाहत उभा राहिला. सिंगापुरात बाटलीला कुणी प्रवासी मानत नाही. एका बाईंनी ती उचलून त्याच्या हातात दिली आणि खाली बसल्या. दुसऱ्या बाईंनी सॅक दिली. तोवर बस भरली होती. चालकाने हात आडवा करून पुढची रांग थांबवली. त्या हाताच्या पलीकडे पहिला माणूस भाऊसाहेब होते.

तन्मय ओरडला, दार मिटलं.

बस पुलावर आली तेव्हा त्याच्या डोक्यात इंजिनरूमच्या धोक्याच्या घंटा एकामागून एक वाजत होत्या. ज्या माणसाला सिद्ध करून दाखवायचं होतं की मी घरच्यांना वाऱ्यावर सोडणारा नाही, त्याला त्याने परक्या देशाच्या सीमेवर बायकोसकट सोडलं होतं, आणि तेही कागदपत्रं घेऊन. डावीकडे समुद्राची पट्टी, उजवीकडे माल भरलेल्या ट्रकांची रांग. तीन मिनिटांत मलेशिया आला. त्याला एवढ्या लवकर कुठला देश कधी आला नव्हता.

काकूंच्या फोनमध्ये सिंगापूरचं सिम होतं. त्याने धापा टाकत फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की काकू, घाबरू नका, जागचे हलू नका, मी मलेशियात शिरतो, लगेच बाहेर पडतो, परत सिंगापुरात येतो, पुन्हा तिकडून बाहेर पडून तुमच्यापाशी पोचतो. दोन तास धरा. फार तर अडीच.

"आम्ही कायले घाबरू," काकू म्हणाल्या. "तूच दमून राहिला बाप्पा. थांब, यांना देते."

भाऊसाहेबांचा आवाज स्वच्छ आला. पाठीमागे बसचे ब्रेक वाजत होते.

"तू कुठं आहेस? काउंटर ओलांडलास?"

नाही, असं तन्मय म्हणाला. तोपर्यंत ते त्याला तुम्ही म्हणत आले होते. आता तू म्हणाले, हे त्याच्या लक्षात आलं. ते चांगलं की वाईट हे मात्र कळलं नाही.

"मग ओलांडू नको. जिथं आहेस तिथं उभा राहा. पासपोर्ट तिकडच्या काउंटरला लागतो, बसमध्ये लागत नाही. बसला कार्ड लागतं, ते आमच्या खिशात आहे. आम्ही पुढच्या गाडीनं येतो. ज्याच्याकडं कागद आहेत त्यानं हलायचं नसतं, एवढं साधं आहे."

खरोखर एवढं साधं होतं. तन्मय मलेशियाच्या काउंटरच्या अलीकडे एका खांबापाशी उभा राहिला. दिवसाला अठरा टन तेल जाळणाऱ्या इंजिनाचा बिघाड जो माणूस नुसत्या आवाजावरून ओळखतो, त्याला हे सुचलं नव्हतं.

सात चोपन्नला सुरक्षारक्षक आला. सगळे लोक पुढे जात असताना हा तरुण खांबाला का टेकलाय, असं त्याने विचारलं. तन्मयने खरं सांगितलं. रक्षकाने एका अधिकारी बाईंना बोलावलं. त्यांनी तिन्ही पासपोर्ट पाहिले, मग तन्मयकडे पाहिलं, मग पुन्हा पासपोर्ट मोजले. ही दोन माणसं आत्ता सिंगापुरात आहेत का, हा त्यांचा प्रश्न. तन्मयने विचार करून सांगितलं की नाही, सिंगापूर त्यांनी रीतसर सोडलंय. मग मलेशियात आहेत का? तेही नाही. म्हणजे ती नेमकी कुठे आहेत? बसस्टॉपवर, तन्मय म्हणाला. बाईंनी हसू आवरलं आणि ते तुझे आईवडील का, असं विचारलं. तो म्हणाला, अजून नाहीत. बाईंना काय समजायचं ते समजलं. त्यांनी त्याला खांबापाशीच राहायची परवानगी दिली आणि जाताना मलय भाषेत रक्षकाला काहीतरी सांगितलं, त्यावर रक्षकाने तन्मयच्या पाठीवर थाप मारली.

अनघाला काकूंकडून कळण्याआधी आपणच सांगावं, असं त्याने ठरवलं. लिहिलं, तुझ्या आईबाबांना वुडलँड्सला सोडून पुढे आलोय, चुकून, पासपोर्ट माझ्याकडे आहेत, सगळं ठीक आहे. हे वाक्य त्याने तीनदा वाचलं. कुठल्याही बाजूने वाचलं तरी ते ठीक वाटत नव्हतं. तसंच पाठवलं.

उत्तर दोन मिनिटांत आलं. आधी एक फोटो, आईने काढलेला. त्यात फलाटावर रांगेच्या तोंडाशी भाऊसाहेब उभे होते, उजवा हात वर, डावा हात एका आडदांड तरुणाच्या छातीपुढे आडवा. खाली अनघाने लिहिलं होतं, "सिंगापूरला आल्यापासून बाबांना एवढं खूश पाहिलं नव्हतं. जमलं तर परत येतानाही सोडून ये."

फलाटावर काय झालं ते त्याला नंतर काकूंकडून कळलं. दोन नंबरांच्या रांगा एकमेकींत घुसल्या होत्या. भाऊसाहेबांनी पाच मिनिटं पाहिलं, मग त्यांना राहवेना. खांद्यावरची पिशवी बायकोकडे दिली आणि हिंदी, इंग्रजी आणि हाताच्या खुणा मिळून जी भाषा होते तिच्यात १६० वाले इकडे, बाकीचे तिकडे, असं सुरू केलं. लोकांना वाटलं, हा इथलाच कुणी असणार. एका तमिळ गृहस्थाने त्यांना पुढची गाडी किती वाजता विचारलं, तर यांनी घड्याळ पाहून आठ मिनिटं म्हणून सांगितलं आणि गाडी नवव्या मिनिटाला आली. एका मुलाने पुढे धावून खिडकीतून पिशवी टाकायचा विचार केला असावा, तोच तो फोटोतला तरुण. खिडक्या बंद असतात हे त्याला भाऊसाहेबांनीच दाखवून दिलं. पहिली बस त्यांनी दुसऱ्यांना दिली, दुसरीही दिली.

"मी म्हटलं, अवो, तो पोरगा तिकडं उभा आहे," काकू सांगत होत्या. "तर म्हणतात, लहान लेकरंवाली बाई आहे, तिला जाऊ दे. तिसरीत मीच ओढून बसवलं."

आठ वाजून एकोणीस मिनिटांनी दोघं जिना चढून काउंटरसमोरच्या दालनात आले. भाऊसाहेब तन्मयसमोर उभे राहिले आणि हात पुढे केला. तन्मयला वाटलं हात मिळवायचाय. त्यांना पासपोर्ट हवा होता. स्वतःचा खिशात ठेवून त्यांनी काकूंचा काकूंकडे दिला. बत्तीस वर्षं मी रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी भांडलो, असं ते शांतपणे म्हणाले, आणि आज माझ्यासाठीच कुणी रुमाल टाकला. तिघं काउंटरच्या रांगेत लागले. अधिकारी बाई लांबून पाहत होत्या. त्यांनी तन्मयला अंगठा दाखवला. त्या कोण आणि अंगठा कशाला, हे भाऊसाहेबांनी विचारलं, तेव्हा तन्मयने खांबापाशी झालेलं संभाषण सांगितलं, फक्त "अजून नाहीत" एवढं गाळलं.

चष्म्याच्या दुकानात काकूंनी अकरा फ्रेमा घालून पाहिल्या. काचा बसायला दीड तास लागणार होता, म्हणून ते जवळच्या एका उघड्या हॉटेलात जेवायला बसले. प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर पंखे, मातीच्या भांड्यात लालभडक आंबट रश्शातला मासा. तन्मयने तिखट आहे म्हणून आधीच बजावलं. काकूंनी एक घास खाल्ला आणि आमच्या सावजीपुढं हे आजाऱ्याचं जेवण आहे, असा निकाल दिला. तरी भात दोनदा घेतला. भाऊसाहेबांनी मासा काट्यापर्यंत स्वच्छ केला, हात धुतले, खिशातून बडीशेप काढून तिघांना दिली आणि मग मुद्द्याला हात घातला.

"आजची चूक मी धरत नाही," ते म्हणाले. "गर्दीत चुकामूक होते. मी एक विचारतो, खरं सांग. उद्या तू तिकडं समुद्रात. इकडं अनघाला काही झालं, पोराला ताप आला, घरात पाणी शिरलं. तू किती वेळात पोचशील?"

तन्मयने उत्तर तयार ठेवलं होतं. समीरबरोबर त्याने दोनदा घोकलंही होतं, त्यात उपग्रहावरचं इंटरनेट होतं, कंपनीचा विमा होता, चार वर्षांनी किनाऱ्यावरची नोकरी होती. खांबापाशी उभं राहून अर्धा तास घालवल्यावर ते त्याला म्हणवेना.

"पोचणार नाही, काका," तो म्हणाला. "बंदर दहा दिवसांवर असेल तर दहा दिवस. कधी फोन लागेल, कधी लागणार नाही. अनघाला हे मी पहिल्याच महिन्यात सांगितलंय. तिने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. त्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी बर्फ फोडत होतं. काकू बडीशेप चावत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे न पाहता बोलायला सुरुवात केली, आणि बोलल्या त्या तन्मयशी.

"धम्मचक्र दिनाला आमच्या घरी किती माणूस उतरते, माहीत आहे? दीक्षाभूमी चार किलोमीटरवर. अमरावतीचे, अकोल्याचे, गोंदियाचे, कोणी ओळखीचे, कोणी ओळखीच्याच्या ओळखीचे. पन्नास पन्नास पानं उठवली मी. आणि हे कुठं? स्टँडवर. जादा गाड्या सोडून राहिले. बत्तीस वर्षांत एकदा नाही हा माणूस त्या दिवशी घरी. अनघा झाली तेव्हाही गोंदियाची गाडी सोडून मग आले दवाखान्यात."

"त्या गाडीत सत्तर माणसं होती," भाऊसाहेब म्हणाले.

"मी कुठं म्हणते नव्हती म्हणून? मी तुमच्यावर रागावली का कधी?"

"रागावलीस."

"रागावली. पण संसार केला ना?"

भाऊसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला. मग चष्मा झाला असेल, असं म्हणून उठले. बिल तन्मयने द्यायचं की त्यांनी, यावर काउंटरपाशी थोडी ओढाताण झाली, आणि ती भाऊसाहेब जिंकले. त्यातून काही अर्थ काढावा का, हे तन्मयला ठरवता आलं नाही.

परतीचा प्रवास लांबला. चार वाजता रांगेत लागले ते जुरोंग ईस्टला सात चाळीसला उतरले. पुलावर बस पन्नास मिनिटं हलली नाही. काकू नवा चष्मा लावून बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. भाऊसाहेबांनी तन्मयला बरंच काही विचारलं, पण सगळं जहाजाचं. ड्युटी किती तासांची, बदली माणूस वेळेवर आला नाही तर काय करता, तेल कुठे भरता, नोंदवही कोण लिहितो. बदली माणूस उशिरा आला तर पहिला माणूस जागा सोडत नाही, हे ऐकून त्यांनी मान हलवली. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, तन्मयनेही काढला नाही. स्टॉपवर निरोप घेताना त्यांनी एवढंच विचारलं की मंगळवारी किती वाजता. दुपारी दोनची लाँच, तो म्हणाला. जय भीम झाला आणि ते जिन्याकडे वळले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला भाऊसाहेबांनी अनघाकडे तन्मयच्या वडिलांचा नंबर मागितला. पांडुरंगराव गुहागरला असतात, पोस्टमास्तर होते, आता निवृत्त. अनघाने नंबर कशाला, असं विचारलं, तर ते म्हणाले, बोलायचं आहे. दहा वीसला त्यांनी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. तिकडे गुहागरला तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं कमी होती. हे सगळं अनघाने तन्मयला लिहून कळवलं. दहा पस्तीसला तिने कळवलं की आई दाराला कान लावून बसली आहे आणि काही सांगत नाही. दहा बावन्नला कळवलं की बाबा एकदा हसले, एकदा आवाज चढला, आणि "गाडी" हा शब्द चार वेळा आला.

हौगांगच्या फ्लॅटमध्ये समीरने दोनदा चहा केला. तन्मयने जहाजाची बॅग भरायला काढली आणि तशीच उघडी ठेवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने गुहागरला फोन लावला. लाइन व्यस्त होती. दोन्ही वडिलांचं बोलणं अजून चालूच होतं.